सान्तियागो रामोन इ काहाल

सान्तियागो रामोन इ काहाल (१ मे १८५२ – १७ ऑक्टोबर १९३४) हे स्पॅनिश ऊतकविज्ञानतज्ज्ञ, वैद्यक आणि आधुनिक चेताविज्ञानाचे एक आद्य प्रवर्तक होते. मेंदू व मज्जारज्जू हे सलग विणलेले जाळे नसून परस्परांपासून वेगळ्या असलेल्या असंख्य चेतापेशींनी बनलेले आहेत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणांनी दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९०६ सालचे शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इटालियन शास्त्रज्ञ कामिलो गॉल्जी यांच्याबरोबर विभागून मिळाले. त्यांचे बहुतेक मूळ लेखन स्पॅनिश भाषेत व आरंभी स्वखर्चाने प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांच्या संशोधनाची कथा ही ते संशोधन वाचकांपर्यंत कसे पोहोचले याचीही कथा आहे.

नावाविषयी

स्पेनमधील प्रथेप्रमाणे व्यक्तीच्या नावापुढे वडिलांचे व आईचे अशी दोन आडनावे येतात. ‘रामोन’ हे वडिलांकडील, तर ‘काहाल’ हे आईकडील आडनाव होय. मधल्या ‘इ’ या अक्षराचा अर्थ ‘आणि’ असा आहे. विज्ञानाच्या वाङ्मयात मात्र त्यांचा उल्लेख बहुधा केवळ ‘काहाल’ असाच होतो.

बालपण आणि शिक्षण

काहाल यांचा जन्म स्पेनच्या नाव्हारा प्रांतातील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. हे खेडे नाव्हारामध्ये मोडत असले तरी चहूबाजूंनी आरागोनच्या भूमीने वेढलेले आहे. त्यांचे वडील हुस्तो रामोन यांनी खेड्यातील शस्त्रवैद्याचा व्यवसाय करीत कष्टाने वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले होते. मुलानेही वैद्य व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. शाळेतील कडक शिस्त व घोकंपट्टी यांचा त्याला तिटकारा असे. अकराव्या वर्षी घरी बनविलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडविल्याबद्दल त्याला काही दिवस तुरुंगवासही घडला. शिस्त लागावी म्हणून वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारीस ठेवले होते.

पुढे वडिलांनीच मुलाच्या चित्रकलेला वेगळी वाट दाखविली. त्यांनी त्याला जुन्या स्मशानभूमीत नेऊन मानवी अस्थी जमविल्या आणि त्यांच्या आधारे शरीररचना शिकविली. अस्थींची चित्रे काढता काढता सान्तियागोला शरीरशास्त्राची गोडी लागली. त्यांनी सारागोसा येथे वैद्यकाचा अभ्यास केला व १८७३ मध्ये पदवी मिळविली.

सैन्यसेवा आणि अध्यापनाचा आरंभ

पदवीनंतर काहाल लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८७४ मध्ये त्यांना क्यूबा येथे पाठविण्यात आले. त्या वेळी क्यूबामध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध युद्ध चालू होते. दलदलीच्या प्रदेशातील छावणीत त्यांना हिवतापाने ग्रासले आणि १८७५ मध्ये अत्यंत अशक्त अवस्थेत ते मायदेशी परतले. साठविलेल्या वेतनातून त्यांनी पुढे स्वतःसाठी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८७७ मध्ये माद्रिद येथे त्यांनी डॉक्टरेटची पदवी घेतली. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला सात अपत्ये झाली.

काहाल यांचा पहिला संशोधनपर प्रबंध १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. तो शरीरातील दाहाच्या उत्पत्तीविषयी होता आणि त्यातील शिळाछाप चित्रे त्यांनी स्वतःच तयार केली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐच्छिक स्नायूंमधील चेतातंतूंच्या टोकांविषयी लेखन केले. या प्रकाशनांच्या मोजक्याच प्रती निघाल्या आणि स्पेनबाहेर त्यांची दखल घेतली गेली नाही.

१८८४ च्या सुमारास ते व्हॅलेन्सिया विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये त्या भागात पटकीची मोठी साथ आली. काहाल यांनी पटकीच्या जिवाणूंवर प्रयोग करून, मृत जिवाणूंच्या साहाय्यानेही प्राण्यांमध्ये रोगप्रतिकारशक्ती निर्माण करता येते, असे निरीक्षण नोंदविले. त्यांचा हा अहवाल सारागोसा येथे स्पॅनिश भाषेत छापला गेला. १८८६ मध्ये अमेरिकेत डॅनियल सॅल्मन व थिओबाल्ड स्मिथ यांनी मृत जिवाणूंच्या लसीविषयी प्रसिद्ध केलेले कार्य जगभर गाजले. काहाल यांचा अहवाल मात्र दुर्लक्षित राहिला. या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. पुढील संशोधनात त्याचा त्यांना मोठा उपयोग झाला.

गॉल्जी यांची रंजनपद्धती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक शास्त्रज्ञ चेतासंस्था हे सलग जाळे आहे असे मानीत. या मताला जालिका सिद्धांत म्हणतात. मेंदूच्या पातळ कापात पेशींचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले दिसत की एक पेशी कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते हे सांगणे अशक्य होई.

१८७३ मध्ये गॉल्जी यांनी एक नवी रंजनपद्धती शोधली. ऊतकाचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटच्या व नंतर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवल्यास काही थोड्या पेशी संपूर्णपणे काळ्या होतात आणि त्यांच्या सर्व शाखा पिवळसर पार्श्वभूमीवर उठून दिसतात. सगळ्या पेशी रंगत नाहीत, हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. गॉल्जी यांनी हा शोध इटालियन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. इटलीबाहेर तो वर्षानुवर्षे फारसा कोणी वाचला नाही. शिवाय पद्धती लहरी होती आणि प्रत्येक वेळी यशस्वी होत नसे.

१८८७ मध्ये काहाल माद्रिदला गेले असता लुईस सिमार्रो या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना या पद्धतीने रंगविलेले काप दाखविले. त्याच वर्षी काहाल बार्सिलोना येथे ऊतकविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी पद्धतीत दोन महत्त्वाच्या सुधारणा केल्या. पहिली म्हणजे रंजनाची क्रिया दोनदा करणे. दुसरी म्हणजे प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण व नवजात प्राण्यांचा मेंदू वापरणे. अशा कोवळ्या ऊतकात चेतातंतूंवर मायलिनचे आवरण अद्याप चढलेले नसते, पेशींची गर्दी कमी असते आणि रंग पेशीच्या टोकापर्यंत पोहोचतो.

१८८८ : स्वतःचे त्रैमासिक

पक्ष्यांच्या लहान मेंदूचा अभ्यास करताना काहाल यांना असे आढळले की चेतातंतूंच्या शाखा दुसऱ्या पेशीच्या भोवती टोपलीप्रमाणे विणल्या जातात किंवा तिच्या फांद्यांवर वेलीसारख्या चढतात, परंतु तिच्यात मिसळून जात नाहीत. प्रत्येक शाखेला स्वतंत्र टोक असते. त्यांच्या मते पेशींमध्ये संपर्क होता, सलगता नव्हती. याच अभ्यासात पेशींच्या फांद्यांवरील बारीक काट्यांसारखे उंचवटेही त्यांच्या लक्षात आले. इतर संशोधक हे काटे रंजनातील दोष मानीत. काहाल यांनी ते पेशीचेच भाग असल्याचे ठामपणे मांडले.

ही निरीक्षणे त्वरेने छापण्याजोगे ऊतकविज्ञानाचे नियतकालिक स्पेनमध्ये नव्हते. परदेशी नियतकालिकात लेख छापून येण्यास बराच काळ लागे. म्हणून काहाल यांनी स्वतःच एक त्रैमासिक काढले. ‘सामान्य व विकृत ऊतकविज्ञानाचे त्रैमासिक’ असा अर्थ असलेल्या या नियतकालिकाचा पहिला अंक मे १८८८ मध्ये निघाला. लेखक, संपादक, चित्रकार आणि खर्च सोसणारे असे सारे काही काहाल एकटेच होते. अंकाच्या केवळ ६० प्रती काढल्या गेल्या आणि त्यांपैकी बहुतेक त्यांनी परदेशातील नामवंत शास्त्रज्ञांना टपालाने पाठविल्या.

प्राध्यापकाच्या वेतनात वाढत्या कुटुंबाचा निर्वाह आणि छपाईचा खर्च या दोन्ही गोष्टी भागविणे कठीण होते. घरखर्चात काटकसर करून सिल्वेरिया यांनी या कामी मोलाची साथ दिली. काहाल यांनी या काळात आपला बुद्धिबळाचा नादही सोडून दिला. अपेक्षित प्रतिसाद मात्र आला नाही. अंक मिळालेल्या शास्त्रज्ञांपैकी फार थोड्यांना स्पॅनिश येत होते. ज्यांनी चित्रे पाहिली त्यांनाही, ऊतकविज्ञानाची परंपरा नसलेल्या देशातील अपरिचित प्राध्यापकाच्या दाव्यावर विश्वास ठेवणे जड गेले. काही अंकांनंतर त्रैमासिक बंद पडले.

बर्लिन येथील प्रात्यक्षिक

छापील लेखांवर कोणी विश्वास ठेवत नसेल तर काप स्वतः नेऊन दाखवावेत, असे काहाल यांनी ठरविले. ते जर्मन शरीररचना संस्थेचे सभासद झाले आणि ऑक्टोबर १८८९ मध्ये स्वतःच्या बचतीतून संस्थेच्या बर्लिन येथील अधिवेशनास गेले. सोबत त्यांनी आपला सूक्ष्मदर्शक व निवडक काप नेले होते.

त्यांना जर्मन बोलता येत नव्हते आणि फ्रेंचही मोडकेतोडकेच होते. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या स्पष्ट प्रतिमांनी आपले काम केले. लहान मेंदू, दृष्टिपटल व मज्जारज्जू यांचे काप पाहून वुर्झबर्गचे आल्बर्ट फॉन कॉलिकर विशेष प्रभावित झाले. कॉलिकर त्या वेळी ७२ वर्षांचे होते व युरोपातील ऊतकविज्ञानात त्यांच्या शब्दाला मोठा मान होता. परत गेल्यावर त्यांनी काहाल यांचे प्रयोग स्वतः करून पाहिले, ते खरे ठरल्याचे १८९० मध्ये प्रसिद्ध केले आणि पूर्वी स्वीकारलेले जालिका मत सोडून दिले. विल्हेल्म हिस, गुस्ताफ रेट्सियस आणि बेल्जियमचे आर्थर व्हान गेहुख्टेन यांनीही या कार्याची दखल घेतली.

यानंतर काहाल यांच्या लेखनपद्धतीत स्पष्ट बदल झाला. ते जर्मनीतील ‘आनाटोमिशर आन्त्साइगर’ आणि बेल्जियममधील ‘ला सेल्यूल’ या नियतकालिकांमध्ये लिहू लागले. दृष्टिपटलावरील त्यांचा विख्यात प्रबंध १८९३ मध्ये ‘ला सेल्यूल’मध्येच फ्रेंच भाषेत आला.

न्यूरॉन सिद्धांत आणि श्रेयाचा प्रश्न

चेतापेशी स्वतंत्र असाव्यात हा विचार काहाल यांच्याआधीही मांडला गेला होता. विल्हेल्म हिस यांनी भ्रूणातील चेतापेशींच्या वाढीवरून आणि ऑग्युस्त फोरेल यांनी इजा झालेल्या चेतापेशींच्या ऱ्हासावरून १८८६–८७ च्या सुमारास तसे अनुमान काढले होते. नंतर ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून गाजलेले फ्रिट्योफ नान्सेन यांनीही जालिका मतावर शंका घेतली होती. काहाल यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी लहान मेंदू, दृष्टिपटल, घ्राणकंद, मज्जारज्जू व मेंदूचे बाह्यक अशा एकेका भागात पेशींची मोकळी टोके प्रत्यक्ष दाखविली.

१८९१ मध्ये बर्लिनचे विल्हेल्म वाल्डायर यांनी एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात या सर्व संशोधनाचा आढावा घेतला आणि चेतापेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. या आढाव्याचा मुख्य आधार काहाल यांची निरीक्षणे होती. वाल्डायर यांनी या विषयावर स्वतंत्र संशोधन केलेले नव्हते. तथापि सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या भाषेत व नियतकालिकात आल्यामुळे हा लेख सिद्धांताचे प्रमाणभूत निवेदन ठरला आणि कित्येक वर्षे न्यूरॉन सिद्धांत वाल्डायर यांच्या नावाशी जोडला गेला. काहाल यांना या गोष्टीचे वैषम्य वाटे.

काहाल यांनी याच काळात आणखी काही महत्त्वाच्या कल्पना मांडल्या. चेतापेशीच्या फांद्या संदेश घेतात, तो पेशीच्या मुख्य भागातून जातो आणि अक्षतंतूद्वारे पुढे धाडला जातो, या नियमाला गतिक ध्रुवीकरणाचा नियम म्हणतात. त्यामुळे मेंदूच्या स्थिर चित्रावरून संदेशाचा मार्ग वाचणे शक्य झाले. वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी असलेला शंकूसारखा भागही त्यांनी १८९० मध्ये वर्णिला. हा तंतू रासायनिक आकर्षणाने आपल्या लक्ष्याकडे वळत असावा, असे अनुमान त्यांनी पुढे मांडले.

प्रमुख ग्रंथ आणि भाषांतरे

१८९२ मध्ये काहाल माद्रिद विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी बार्सिलोना येथे दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचे प्रथम जर्मन व नंतर १८९४ मध्ये फ्रेंच भाषांतर झाले. फ्रेंच भाषांतर पॅरिसचे डॉ. लेओं आझुले यांनी केले. हे छोटे पुस्तक युरोपभर वाचले गेले. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी पाचारण केले. हे व्याख्यान त्यांनी फ्रेंचमध्ये दिले. त्या वेळी ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे उतरले होते. दोन चेतापेशींमधील संपर्कस्थानाला शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव दिले.

काहाल यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे मानव व पृष्ठवंशी प्राण्यांच्या चेतासंस्थेच्या रचनेवरील बृहद्ग्रंथ. तो १८९९ ते १९०४ या काळात स्पॅनिशमध्ये भागाभागाने प्रसिद्ध झाला. त्याची मर्यादित प्रत काढण्यात आली होती आणि परदेशात तो क्वचितच पोहोचला. काहाल यांनी भर घालून सुधारलेली त्याची आझुलेकृत फ्रेंच आवृत्ती १९०९ व १९११ मध्ये दोन खंडांत निघाली. जगातील प्रयोगशाळांत जो ग्रंथ वापरला गेला तो प्रामुख्याने हा फ्रेंच ग्रंथ होय. त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९९५ मध्ये, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर ६१ वर्षांनी उपलब्ध झाले.

चेतासंस्थेचा ऱ्हास व पुनर्निर्मिती यांवरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९१३–१४ मध्ये निघाला. त्याचा खर्च अर्जेंटिनातील स्पॅनिश डॉक्टरांनी वर्गणी जमवून केला होता. लगेच पहिले महायुद्ध सुरू झाल्याने त्याचा प्रसार खुंटला. १९२८ मध्ये इंग्रजी भाषांतर आल्यावर तो सर्वत्र माहीत झाला. तरुण संशोधकांसाठी लिहिलेले मार्गदर्शनपर पुस्तक, आत्मचरित्र, रंगीत छायाचित्रणावरील पुस्तक (१९१२) आणि ‘डॉक्टर बॅक्टेरिया’ या टोपणनावाने लिहिलेल्या विज्ञानकथा हीदेखील त्यांची उल्लेखनीय साहित्यनिर्मिती होय.

नोबेल पारितोषिक

१९०६ च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोम येथे काहाल व गॉल्जी यांची भेट झाली. पारितोषिक विभागून मिळालेल्या या दोन शास्त्रज्ञांची मते परस्परविरोधी होती. गॉल्जी यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात न्यूरॉन सिद्धांतावरच टीका केली. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी त्याच सिद्धांताचे पुरावे मांडले. ज्या रंजनपद्धतीमुळे हे पुरावे मिळाले ती गॉल्जी यांचीच असल्याचे काहाल यांनी कधीही नाकारले नाही.

माद्रिदची प्रयोगशाळा आणि उत्तरायुष्य

१९०० मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत काहाल यांना मॉस्को पारितोषिक जाहीर झाले. त्यानंतर स्पॅनिश शासनाने त्यांच्यासाठी जीवशास्त्रीय संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. तिच्या वतीने निघणाऱ्या नियतकालिकातून काहाल व त्यांचे शिष्य यांचे लेख स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध होत. फ्रान्सिस्को तेल्यो, पिओ देल रिओ ओर्तेगा, फेर्नांदो दे कास्त्रो व राफाएल लोरेन्ते दे नो हे या परंपरेतील प्रमुख संशोधक होत. १९०७ पासून शिक्षण व संशोधनाला चालना देणाऱ्या शासकीय मंडळाचे अध्यक्ष म्हणून काहाल यांनी अनेक तरुणांना परदेशी अभ्यासासाठी पाठविले.

शिष्यांशी त्यांचे संबंध नेहमीच सुरळीत राहिले नाहीत. रिओ ओर्तेगा यांनी मेंदूतील आधारपेशींचे नवे प्रकार दाखविले तेव्हा काहाल यांनी त्यांतील काही निष्कर्ष प्रारंभी मान्य केले नाहीत. १९२० मध्ये रिओ ओर्तेगा यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढील काळात रिओ ओर्तेगा यांचेच वर्णन बरोबर ठरले.

महायुद्धाने काहाल यांचा परदेशी विद्वानांशी असलेला संपर्क तोडला. युद्धकाळात व त्यानंतर व्हान गेहुख्टेन, रेट्सियस व वाल्डायर हे मित्र एकामागून एक निवर्तले. आपले स्पॅनिश लेखन आता कोण वाचणार, ही चिंता काहाल यांना सतावत असे. १९२२ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. त्यानंतर लवकरच प्रयोगशाळेचे नियतकालिक फ्रेंच भाषेत निघू लागले. १९३० मध्ये सिल्वेरिया यांचे निधन झाले. जालिका मताने पुन्हा डोके वर काढल्याचे पाहून १९३३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी न्यूरॉन सिद्धांताचे सर्व पुरावे एकत्र करणारा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

लेखनाची गणना आणि प्रभाव

काहाल यांनी स्पॅनिश, फ्रेंच व जर्मन भाषांत शंभराहून अधिक शास्त्रीय लेख व ग्रंथ लिहिले. त्यांच्या लेखनाचा प्रभाव आजच्या संदर्भगणनेने मोजणे मात्र सोपे नाही. विज्ञानलेखांतील संदर्भांची पद्धतशीर सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात सुरू केली. संशोधकाची कामगिरी एका आकड्यात सांगणारा एच-निर्देशांक २००५ मधला आहे. काहाल यांचे त्रैमासिक अशा सूच्या निघण्यापूर्वीच कित्येक दशके बंद पडले होते.

दुसरी अडचण नावाची आहे. एकाच लेखकाची नोंद कोठे ‘रामोन इ काहाल’, कोठे ‘काहाल’, तर कोठे ‘इ काहाल’ अशी होते आणि त्यामुळे संदर्भ विखुरले जातात. तिसरी अडचण भाषांतरांची आहे. एकाच ग्रंथाच्या स्पॅनिश, फ्रेंच व इंग्रजी आवृत्त्यांचे उल्लेख स्वतंत्र मोजले जातात. वाल्डायर यांच्या आढाव्यामुळे काहाल यांचे बरेच श्रेय आरंभीच दुसऱ्या लेखाच्या खात्यावर गेले, ही बाबही ध्यानात घ्यावी लागते.

याखेरीज, एखादा शोध पाठ्यपुस्तकातील सामान्य ज्ञान झाला की मूळ लेखाचा उल्लेख करण्याची प्रथा थांबते. न्यूरॉन सिद्धांताच्या बाबतीत असेच घडले. चेतापेशी हा शब्द वापरणारा प्रत्येक लेखक काहाल यांचा संदर्भ देत नाही. त्यांचे नाव मात्र अन्य रूपांत टिकून आहे. आतड्याच्या हालचालींची लय राखणाऱ्या पेशींना ‘काहाल यांच्या आंतरालीय पेशी’ म्हणतात. मेंदूच्या बाह्यकाच्या वाढीत भाग घेणाऱ्या पेशींना ‘काहाल–रेट्सियस पेशी’ हे नाव आहे. पेशीकेंद्रातील जो सूक्ष्म कण त्यांनी १९०३ मध्ये वर्णिला, त्याला १९९९ मध्ये ‘काहाल पिंड’ असे नाव देण्यात आले.

इतके असूनही त्यांच्या ग्रंथांचे संदर्भ आजच्या संशोधनलेखांत दिले जातात. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रायोगिक विज्ञानलेखनाच्या बाबतीत हे विरळच आहे. त्यामागील कारण केवळ आदराचे नाही. मेंदूच्या विविध भागांतील पेशींची त्यांची वर्णने व चित्रे अजूनही तुलनेसाठी उपयोगी पडतात.

वारसा

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन चेतापेशींमधील अतिसूक्ष्म फट प्रत्यक्ष दाखविली आणि न्यूरॉन सिद्धांताविषयीचा वाद संपुष्टात आला. काहाल यांनी १८८८ मध्ये ६० प्रतींच्या अंकात वर्णिलेले काटेही खरे असून तेथेच पेशींचे संपर्क होतात, हे त्याच दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. काही चेतापेशींमध्ये थेट विद्युत्संपर्क असतो हे नंतर आढळून आले असले तरी सिद्धांताचा मूळ गाभा कायम आहे.

माद्रिदमधील त्यांची प्रयोगशाळा पुढे काहाल संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांची चित्रे, काप, पत्रे व हस्तलिखिते आणि त्यांच्या शिष्यपरंपरेचे दस्तऐवज यांचा समावेश युनेस्कोने २०१७ मध्ये ‘जागतिक स्मृती’ नोंदपटात केला.